पायलट व्हायचंय? मग आधी ‘नाही’ म्हणायला शिका

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात, आणि त्यात हल्ली एक प्रश्न हमखास असतो. मुलाला पायलट करायला किती खर्च येईल? विचारतात वडील. मुलगा बहुतेक वेळा शेजारी गप्प बसलेला असतो.

खर्चाचं उत्तर सरळ आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, किमान २०० तासांचं उड्डाण आणि मग व्यावसायिक परवाना. एवढ्यात पन्नास लाख सहज जातात. मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानासाठीची पात्रता, स्वतःच्या पैशानं मिळवायची तर आणखी काही लाख, आणि तरीही नोकरीची खात्री नाही. एअरलाइनची नोकरी वाईट नाही. पण नातेवाइकांत मान वाढावा म्हणून घर गहाण टाकणार असाल, तर टाकू नका.

ज्याला खरोखर विमानच उडवायचं आहे, त्याच्यासाठी एक वेगळं काम आहे आणि त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. ते म्हणजे बुश पायलटचं. जिथे रस्ता पोचत नाही तिथे लहान विमानातून माणसं, टपाल, औषधं, किराणा पोचवायचा. अलास्कातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वस्त्या मुख्य रस्त्यांना जोडलेल्या नाहीत. तिथे शाळेचा बास्केटबॉल संघसुद्धा सामन्याला विमानानं जातो.

आफ्रिकेत बोट्स्वानातलं माउन हे अशा कामाचं मोठं केंद्र. ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातल्या सफारी कॅम्पना इथूनच विमानं जातात. तिथल्या नवख्या पायलटची सकाळ बघा. सहा आसनी सेस्ना २०६च्या टाकीतलं थोडं इंधन तो पारदर्शक नळीत काढतो आणि उजेडात धरून त्यात पाणी नाही ना हे पाहतो. सामान तोच तोलतो, तोच चढवतो. पाहुण्यांना मऊ बॅगाच आणायला सांगितलेलं असतं, कारण कडक सुटकेस त्या कप्प्यात बसत नाही. कोण पुढे बसणार, कोण मागे, हेही तोच ठरवतो. वजन फार मागे गेलं तर विमान आवरत नाही. कॅम्पच्या कच्च्या धावपट्टीवर हत्ती किंवा हरणं असतील, म्हणून आधी खालून एक फेरी मारायची आणि मगच उतरायचं. ऑक्टोबरच्या उन्हात हवा इतकी विरळ होते की तेवढ्याच वजनाला बरीच लांब धाव लागते. हा हिशोब एकट्यानं करायचा. शेजारी सहवैमानिक नसतो.

आणि हिशोबात निघालं की एका प्रवाशाला मागे ठेवावं लागेल, तर? पैसे भरलेला पाहुणा घाईत असतो, कंपनीलाही फेरी पूर्ण व्हायला हवी असते. अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, १९८० साली अलास्कातल्या एअर टॅक्सींच्या सुरक्षिततेचा अभ्यास केला, तेव्हा अपघातांच्या कारणांत ‘बुश सिंड्रोम’चा उल्लेख केला. हवामान कसंही असो, जायलाच हवं, अशी ती वृत्ती. ती पायलटमध्ये होती, तशीच कंपन्यांमध्ये आणि प्रवाशांमध्येही.

पालकांनो, इथे तुमचा संबंध येतो. शाखा तुम्ही निवडलीत, क्लास तुम्ही लावलात, आता करिअरही तुम्हीच ठरवताय. ज्या मुलाला किंवा मुलीला घरात कधी ‘मला हे नको’ म्हणता आलं नाही, ते मूल बाविसाव्या वर्षी परक्या देशात, खाली आलेले ढग बघून, वयानं मोठ्या चार माणसांना ‘आज विमान जाणार नाही’ असं कशाच्या बळावर सांगेल? भिडेपोटी उड्डाण करणारा पायलट स्वतःबरोबर पाच जणांचा जीव घेऊन जातो. आज तुमच्या मुलानं तुम्हाला विरोध केला, तर तो ऐकून घ्या.

या कामात मिळतं काय? सुरुवातीचा पगार बेताचा, राहणं साधं. पण मोठ्या विमानात वर्षानुवर्षं उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत बसावं लागतं; इथे तुम्ही लवकरच डाव्या, मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत असता. तास भराभर वाढतात आणि त्यांचा उपयोग पुढे सगळीकडे होतो. शिवाय वस्तीवरची माणसं तुम्हाला नावानं ओळखतात, कारण त्यांची औषधं तुम्ही आणलेली असतात.

मार्ग मात्र सोपा नाही. बोट्स्वानात तिथला परवाना आणि वर्क परमिट लागतं. अनेक तरुण स्वखर्चानं माउनला जाऊन कंपन्यांची दारं ठोठावतात आणि काही रिकाम्या हातानं परततात. अलास्कासाठी अमेरिकेत काम करण्याची परवानगी लागते, आणि ती भारतीयांना सहजी मिळत नाही. आपल्याकडे याच्या जवळचं काम म्हणजे लहान विमानांच्या प्रादेशिक सेवा. २०२२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) बनवलेलं डॉर्निअर विमान आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला जाऊ लागलं. ओडिशात उत्केला, जयपोरसारख्या ठिकाणी सेस्ना कॅराव्हॅन उतरल्या आहेत. या सेवा सुरू होतात, बंदही पडतात, म्हणून अर्ज करण्याआधी नीट चौकशी करा.

आणि बारामती असो, गोंदिया असो की परदेश, फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही देण्याआधी डीजीसीएच्या नियमांनुसार क्लास २ आणि मग क्लास १ वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांचा किंवा कानांचा दोष निघायचा असेल तर तो तिथेच निघू दे, फीचा पहिला हप्ता भरल्यावर नको.