मुलांची फुटबॉल जर्सी एवढी महाग का? छोट्या दुकानदारासाठी किमतीचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘किंमत कशी ठरवायची’ हा विषय घेतला. त्यात मुलांच्या फुटबॉल जर्सीचं उदाहरण मी ओझरतं दिलं होतं. इथे ते नीट, आकड्यांसकट मांडतो. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे हिशेब आहेत.

हे उदाहरण निवडायला एक कारण आहे. स्पोर्ट्सचं दुकान काढू बघणारे जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एकच प्रश्न विचारतात : “सर, ओरिजिनल जर्सी लोकांना परवडत नाही. मग फर्स्ट कॉपी ठेवू का?” हो किंवा नाही एवढंच सांगून भागत नाही. ओरिजिनल परवडत का नाही, हे आधी समजलं पाहिजे.

१. आधी आकडे बघा

हा धंदा जिथे सुरू झाला त्या इंग्लंडपासून सुरुवात करू. २०२४ च्या युरो स्पर्धेआधी इंग्लंड संघाची नवी जर्सी आली. बनवणारी कंपनी नायके. तिचे दोन प्रकार होते. खेळाडू मैदानात घालतात तशी ‘ऑथेंटिक’, आणि चाहत्यांसाठीची साधी ‘स्टेडियम’.

- ऑथेंटिक : मोठ्यांची १२४.९९ पौंड, मुलांची ११९.९९ पौंड
- स्टेडियम : मोठ्यांची ८४.९९ पौंड, मुलांची ६४.९९ पौंड

हिशेबाच्या सोयीसाठी पौंड शंभर रुपयांचा धरा. म्हणजे मुलाची साधी जर्सी साडेसहा हजारांची. हा फक्त शर्ट आहे. हाफ पॅन्ट, मोजे, पाठीवर नाव-नंबर, सगळं वेगळं. घरात दोन मुलं असतील तर दोन शर्टांचे १३ हजार. आणि मूल वाढतं, त्यामुळे पुढच्या वर्षी तो शर्ट अंगात जात नाही.

क्लबांचं तर आणखी अवघड. प्रीमियर लीगचे बहुतेक क्लब दर सीझनला नवी जर्सी काढतात, तीही तीन-तीन प्रकारांत : घरच्या मैदानाची, बाहेरच्या मैदानाची आणि तिसरी. मुलाला शाळेत मित्राच्या अंगावर नवी दिसते, आणि घरी हट्ट सुरू होतो. पगार तोच असतो.

२. कापड कमी, मग किंमत का नाही?

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या कपड्यांवर २० टक्के व्हॅट लागतो. साधारण १४ वर्षांखालच्या मुलांच्या मापाच्या कपड्यांवर मात्र व्हॅट शून्य आहे. सरकारने ही सूट आईबापांचा भार हलका व्हावा म्हणून ठेवली आहे.

मग वरच्या किमतींतून कर बाजूला काढून बघू.

- स्टेडियम, मोठ्यांची : ८४.९९ ÷ १.२ = सुमारे ७०.८३ पौंड
- स्टेडियम, मुलांची : कर शून्य, म्हणजे पूर्ण ६४.९९ पौंड

दुकानातल्या लेबलवर फरक २० पौंडांचा दिसतो. कर काढल्यावर तो सहा पौंडांच्या आत येतो. मुलांच्या शर्टाला कापड किती कमी लागतं, तुम्हीच बघा.

ऑथेंटिकचा हिशेब तर उलटाच आहे. मोठ्यांची १२४.९९ मधून कर काढला की १०४.१६ उरतात. मुलांच्या मापावर कर नाही, म्हणजे ११९.९९ पूर्णच. विकणाऱ्याच्या बाजूला मुलाच्या छोट्या शर्टातून जवळजवळ १६ पौंड जास्त पडतात.

पहिला धडा इथे लिहून घ्या : किंमत नेहमी खर्चावर ठरत नाही. ‘नाही म्हणणं किती अवघड आहे’ यावर ठरते. मुलांच्या वस्तूत वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. मूल घासाघीस करत नाही आणि बाप मुलासमोर नाही म्हणू शकत नाही. या अडचणीलाच किंमत लावली जाते.

३. हे सुरू कसं झालं?

पूर्वी इंग्लंडमध्ये फुटबॉलची जर्सी म्हणजे साधा एकरंगी शर्ट असायचा. लाल, पांढरा, निळा. कोणीही शिवावा, कोणीही विकावा. आईने कुठूनही लाल शर्ट आणला की मुलगा खूश.

लेस्टर भागात ॲडमिरल नावाची एक कंपनी होती, मूळची आतले कपडे बनवणारी. तिचे बर्ट पॅट्रिक यांच्या लक्षात एक गोष्ट आली. साध्या शर्टावर कोणाची मालकी नसते, पण वेगळ्या डिझाइनवर आणि लोगोवर असते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लीड्स युनायटेडसाठी आणि १९७४ पासून इंग्लंड संघासाठी वेगळ्या पट्ट्यांचे, लोगोचे कपडे केले. संघाला पैसे द्यायचे आणि तसाच कपडा मुलांना विकायचा हक्क घ्यायचा. ‘रेप्लिका किट’चा धंदा असा उभा राहिला. तेव्हा मुख्य गिऱ्हाईक मुलंच होती. मोठी माणसं जर्सी घालून स्टेडियममध्ये जायला लागली ती नंतर.

दुसरा धडा : गिऱ्हाईक कापडाचे थोडे आणि आपलेपणाचे जास्त पैसे देतं. यात मुळात वाईट काही नाही. आपलेपणा विकणारा त्याच गिऱ्हाइकाला पिळायला लागला की बिघडतं.

४. स्वस्त विकणाऱ्याला गप्प करण्याचा उद्योग

तुम्ही म्हणाल, “सर, महाग आहे तर एखादा दुकानदार स्वस्त देईलच की!” दिलंही. पुढे काय झालं ते ऐका.

२००० साली स्पोर्ट्स सॉकर ही दुकानांची साखळी जर्सी कमी दरात विकत होती. बाकीच्यांना ते नको होतं. त्यांनी जर्सी बनवणाऱ्या अंब्रो कंपनीवर दबाव आणला, आणि इंग्लंड व मँचेस्टर युनायटेडच्या जर्सींचे दर संगनमताने बांधले गेले. मोठ्यांचा शर्ट ३९.९९ पौंड, कुठेही जा, तोच भाव. हे उघड झाल्यावर ऑगस्ट २००३ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने दहा जणांना मिळून १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. त्यात जेजेबी स्पोर्ट्स ही मोठी साखळी होती, अंब्रो होती, मँचेस्टर युनायटेड होतं आणि इंग्लंडची फुटबॉल असोसिएशनसुद्धा होती. अपिलात काहींचा दंड कमी झाला, पण दोष गेला नाही. पुढे ‘व्हिच?’ या ग्राहक संघटनेने जेजेबीवर दावा लावला. २००८ मध्ये तडजोड होऊन दाव्यात सामील झालेल्या गिऱ्हाइकांना २० पौंड परत मिळाले.

एवढं होऊनही २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबच्या कपड्यांबाबत पुन्हा तेच. जेडी स्पोर्ट्सकडे जर्सी ५५ पौंडांना होती. क्लबच्या अधिकृत विक्रेत्याकडे जास्त भाव होता. मग जेडीचा भाव ६० वर नेण्यात आला. २०२२ मध्ये तिघांना मिळून २० लाख पौंडांहून जास्त दंड झाला.

तिसरा धडा : शेजारच्या दुकानदाराबरोबर बसून दर बांधू नका. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्यात हे बसत नाही. आणि एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. त्याखाली विकायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कोणी दम दिला तरी.

५. मग फर्स्ट कॉपी?

नाही. कारणं दोन.

एक, कायदा. क्लबचं नाव आणि लोगो हे नोंदलेले ट्रेडमार्क असतात. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०३ आणि १०४. नकली मार्क लावणं आणि तसा माल विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. “सगळेच विकतात” हे उत्तर पोलिसांसमोर चालत नाही. छापा पडला की माल जातो आणि भांडवलही त्याच गाठोड्यात जातं.

दोन, धंदा. फर्स्ट कॉपी आज तुमच्याकडे आहे, उद्या समोरच्या हातगाडीवर ५० रुपये कमीने आहे. त्यात तुमचं असं काही नाही. इंग्लंडच्या कंपनीने आपलेपणाचे जास्त पैसे घेतले, पण आपलेपणा निदान खरा होता.

६. खरी संधी कुठे आहे?

आता कोल्हापूरकडे या. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड बघायचं तर तिथेच. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल… पेठेपेठेचा संघ, आणि छत्रपती शाहू स्टेडियममध्ये मॅच असली की त्या पेठेचं अर्धं घरदार तिथे. वर्ल्ड कप आला की ब्राझील-अर्जेंटिनाचेही झेंडे लागतात, पण वर्षभराचं प्रेम आपल्या तालमीवर. तुमच्या गावात असं प्रेम कबड्डीच्या मंडळावर असेल, क्रिकेट ॲकॅडमीवर असेल, शाळेच्या संघावर असेल. आपलेपणा तुमच्या गल्लीत आधीच आहे. त्याच्यासाठी परदेशी लोगो चोरायची गरज नाही.

मंडळाकडे किंवा कोचकडे जा. लेखी परवानगी घ्या. गावातला लोगो असला तरी तो त्यांचाच. विक्रीतला ठरावीक वाटा मंडळाला द्या. मग मुलांचा सेट तयार करून घ्या. सब्लिमेशन प्रिंटची जर्सी करणारे आता बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. तिरुपूर, लुधियाना, जालंधर, मेरठ इथूनही माल येतो.

एक नमुना हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले भाव काढून टाका.

- जर्सी (कापड, शिलाई, प्रिंट) : २००
- हाफ पॅन्ट : १००
- मंडळाचा वाटा : ५०
- पॅकिंग, वाहतूक : ३०
- एकूण खर्च : ३८०
- विक्री : ६००
- उरले : २२०

जीएसटी नोंदणी असेल तर तोही धरा. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आहे. ब्रिटनसारखी मुलांच्या कपड्यांना वेगळी सूट आपल्याकडे नाही.

७. वाढत्या मुलाचा प्रश्न सोडवा

आता मुख्य मुद्दा. पालकांना ६०० रुपये खुपत नाहीत, दरवर्षी ६०० खुपतात. हे ओझं जो कमी करेल त्याच्याकडे ते परत येतील. त्यासाठी परतीची योजना : जुना सेट आणा, नव्यावर १०० रुपये सूट. जुना धुऊन, दुरुस्त करून २५० ला विका.

दहा पालक आले असं समजा.

- नव्या सेटवर प्रत्येकी २२० − १०० = १२०. दहाचे १,२००.
- जुन्यातले पाच विकण्याजोगे निघाले. २५० − ३० (धुलाई-दुरुस्ती) = २२०. पाचाचे १,१००.
- एकूण २,३००.

योजना नसती तर १० × २२० = २,२००. म्हणजे निम्मे जुने सेट विकले गेले तरी तुम्ही १०० रुपये पुढेच. चारच विकले गेले तर १,२०० + ८८० = २,०८०, म्हणजे मागे. म्हणून सेट हातात घेऊन बघा, फाटका-विरलेला असेल तर सूट ५० च द्या. हिशेब माणुसकीला आड येत नाही, उलट त्याच्याच जोरावर योजना दुसऱ्या वर्षी चालू राहते.

आणि खरा फायदा या वहीत दिसत नाही. ६०० परवडत नव्हते ते पालक २५० मध्ये मुलाला सेट घेऊन जातात. संघात ते मूल बाकीच्यांसारखंच दिसतं. असं गिऱ्हाईक तुमचं दुकान विसरत नाही.

तीन काळज्या :

1. सब्लिमेशनची शाई कापडात मुरते, निघत नाही. त्यामुळे पाठीवर मुलाचं नाव नको, फक्त नंबर. नाव असलेला सेट परत विकला जाणार नाही.
2. डिझाइन किमान दोन सीझन बदलू नका. दरवर्षी बदललंत की जुना माल तुमच्याच अंगावर, आणि पालकांवरही पुन्हा तोच भार.
3. जुना सेट ‘वापरलेला’ म्हणूनच विका. नव्यात मिसळलात आणि कळलं, तर गावात तोंड दाखवता येणार नाही.

गृहपाठ

या रविवारी तुमच्या भागातल्या एका मैदानावर जा. पाच पालकांना तीनच प्रश्न विचारा : मुलाच्या खेळाच्या कपड्यांवर वर्षाला किती जातात? गेल्या वर्षीच्या कपड्यांचं काय केलंत? किती रुपयांपर्यंत विचार न करता घ्याल? उत्तरं लिहा आणि वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. माल त्यानंतरच मागवा, तोही आधी दहा सेटचा.

पुढच्या भागात बघूया, मंडळाबरोबर लेखी करार करताना कोणत्या पाच ओळी हव्याच.

तोपर्यंत हिशेब चोख ठेवा. भेटू!