काचपेटीतला पंप

उन्हाळ्याच्या दिवसांत भिगवणजवळ उजनीच्या जलाशयाकाठी उभे राहिले, म्हणजे पाणी काठापासून दूर सरकत गेलेले दिसते. उजनीचे धरण सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर आहे. ते १९८० साली पुरे झाले आणि त्याचे पाणी मागे पसरत इंदापूर तालुक्याच्या शिवारात येऊन थांबले. या पाण्याच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी बसविलेल्या असतात. पाणी ओसरू लागले, की शेतकरी आपली मोटर उचलून पाण्याच्या मागोमाग खाली नेतो आणि जुन्या नळांना नवे नळ जोडतो. मोटर तीच, वीजही तीच; परंतु शेतात पडणारी धार मात्र पूर्वीपेक्षा बारीक झालेली असते. असे का बरे होते?

याचे कारण त्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. पाणी आता अधिक खोलातून वर चढवावे लागते. शिवाय लांब नळातून जाताना ते नळाच्या अंगाला घासत जाते. पंपाचे बळ चढण्यात आणि घासण्यात खर्च होते, आणि तेवढे पाणी कमी पडते.

मुलांनो, हाच प्रश्न तुमच्या घरातही उभा राहू शकतो. समजा, बारामतीच्या बाजारातून वडिलांनी तुम्हाला एक काचपेटी आणून दिली. तळाशी वाळू पसरली, पाणी भरले; आता चार रंगीत मासे सोडायचे. दुकानदार विचारतो, “पंप कोणता देऊ?” तुम्ही काय सांगाल? “सर्वांत मोठा द्या!” असेच बहुतेकांच्या तोंडी येईल. ते उत्तर चूक आहे.

मुळात माशांना पंप कशासाठी लागतो? उजनीतल्या रोहू-कटल्याला किंवा चिलापीला कोणी पंप लावून देत नाही. तेथे वारा वाहतो, लाटा उठतात आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो. पाणी अफाट असल्यामुळे माशांची घाणही त्यात विरून जाते. काचपेटीत वारा नाही, लाट नाही, आणि पाणी तर चार-पाच घागरी. पंप ते पाणी सतत हलते ठेवतो.

त्याचे दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य पाण्यात उतरते. पंपाला जोडलेल्या गाळणीच्या स्पंजात कोट्यवधी सूक्ष्म जंतू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते मात्र बरेच सौम्य असते. या जंतूंनाही प्राणवायू लागतो, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचविणारा पंपच होय. म्हणून मळलेला स्पंज नळाच्या पाण्याखाली खळखळून धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या उपकारी जंतूंचा नाश करतो. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळून घ्यावा. ही जंतूंची वस्ती बसावयास काही आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवणे बरे.

आता पंप निवडू. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे असे धरा. गुणाकार केला, की ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर होतात. पेटीतले सगळे पाणी तासाला सुमारे चार वेळा गाळणीतून फिरावे, असा मत्स्यपालकांचा अनुभवाचा आडाखा आहे. चोपन्न चोक दोनशे सोळा. तेव्हा ताशी २१६ लिटर पाणी फिरले पाहिजे.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. समजा, एका खोक्यावर ‘ताशी ४०० लिटर’ आणि ‘कमाल उंची ७० सेंटिमीटर’ असे लिहिले आहे. पुष्कळ जण पहिलाच आकडा वाचतात आणि फसतात. पाणी मुळीच वर चढवायचे नसेल, तेव्हाच हा पंप ताशी ४०० लिटर देतो. ७० सेंटिमीटरवर तो पाणी नुसते तोलून धरतो. थेंबही बाहेर पडत नाही. तुमची गाळणी पेटीच्या वर असेल आणि पाणी ३५ सेंटिमीटर चढवायचे असेल, तर धार साधारण निम्म्यावर येते. म्हणजे २०० लिटर! शिवाय स्पंज मळला, की आणखी घट. भिगवणच्या काठावर शेतकऱ्याला जी अडचण आली, तीच येथे वीतभर नळीत आली.

हे साम्य वरवरचे नाही. दोन्ही पंपांच्या पोटात पात्यांचे एक चक्र असते. ओली छत्री गरकन फिरविली, की थेंब कडेने उडतात. त्याचप्रमाणे चक्र फिरताच मधले पाणी कडेला फेकले जाते आणि नळीत शिरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून अशाच चक्राचे पंप गावोगावच्या विहिरींवर गेले.

मग थोडा मोठा पंप घ्यावा, हे खरे. पण फार मोठा नव्हे. थायलंडकडचा झुंजार मासा, ज्याला दुकानात ‘फायटर’ म्हणतात, त्याचे पर लांब आणि मऊ असतात. तो आपल्याकडील मरळ माशाप्रमाणे पाण्यावर तोंड काढून हवाही घेतो. त्याला जोराच्या प्रवाहात ठेवले, तर बिचारा दिवसभर पोहून पोहून थकतो. उलट सोनमासा खातो पुष्कळ आणि घाणही पुष्कळ करतो. त्याला पेटी मोठी हवी आणि गाळणीही जोरकस हवी. म्हणून मासे कोणते हे आधी ठरवावे, पंप मागाहून घ्यावा. धार कमी-अधिक करण्याची खुंटी असलेला पंप मिळाल्यास उत्तम.

पाण्यात बुडवून ठेवायचा पंप कधी कोरडा चालू देऊ नये. पाणीच त्याला थंड ठेवते. बुडबुडे सोडणारा हवेचा पंप मात्र बाहेर असतो. तो पाण्याच्या पातळीहून उंच फळीवर ठेवावा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पेटीतले पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी, आणि तीही घरातल्या मोठ्या माणसाने. याबाबतीत धिटाई दाखवू नये.

खर्चाचे म्हणाल, तर ५ वॉटचा पंप अहोरात्र चालला, तरी महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपासच वीज लागते. ती वाचविण्यासाठी रात्री पंप बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. रात्री काय मासे श्वास घेत नाहीत?

परंतु वैशाखात भर दुपारी वीज आपणहून गेली तर? पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशांना साडेसातच. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. अशा वेळी त्यांना खायला घालू नये. स्वच्छ पेल्याने पेटीतलेच पाणी काढावे आणि वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडावे. पुन्हा काढावे, पुन्हा सोडावे. दर काही मिनिटांनी असे दहा-वीस पेले फिरवीत राहावे. वीज येईपर्यंत पंप तुम्हीच.