पेटीसारखी गाडी आणि तिचा कागद

वॅगन आर नावाची मोटार तुम्ही पाहिली असेल. पुढे आखूड, मागे सरळ, वर उंच. जणू चाके लावलेली पेटीच. ही गाडी मूळची जपानची. तिथे ती १९९३ साली निघाली. आपल्या देशात ती १९९९ साली आली.

तिचा आकार असा का? जपानात लहान मोटारींसाठी वेगळा कायदा आहे. लांबी ३ मीटर ४० सेंटिमीटरच्या आत हवी. रुंदी १ मीटर ४८ सेंटिमीटरच्या आत हवी. इंजिन ६६० सीसीपेक्षा मोठे नको. एवढे पाळले की कर कमी पडतो. उंची मात्र २ मीटरपर्यंत चालते. घराला जागा कमी असली की आपण वर माळा काढतो. तसेच तिथल्या लोकांनी केले. गाडी उंच केली. आत चार माणसे ऐसपैस बसू लागली. शहरातल्या अरुंद गल्लीतही ती सहज वळते.

शेजारच्या श्रीलंकेत अशा गाड्या जपानहून बोटीने आल्या. २०२४ साली आम्ही यात्रेकरूंबरोबर कोलंबोला गेलो होतो. आमच्या ड्रायव्हरची अशीच गाडी होती. थोडी इंग्रजी त्याला येत होती, थोडी आम्हाला. त्याने आपली हकीकत सांगितली.

गाडी त्याने जुनी घेतली. विकणारा म्हणाला, “हिला कधी अपघात झालेला नाही.” वर एक जपानी कागदही दिला. जपानात जुनी गाडी लिलावात विकताना ती तपासतात व असा कागद करतात. त्यावर गाडीचे चित्र असते. कुठे ओरखडा, कुठे पोचा, हे अक्षरांनी दाखवतात. गाडीला दर्जाचा आकडाही देतात. अपघातानंतर दुरुस्त केलेली असेल तर आकड्याऐवजी बहुधा इंग्रजी ‘आर’ हे अक्षर लिहितात.

आमच्या माणसाने कागद घडी करून खणात ठेवला. चार महिन्यांत पुढचे टायर एका बाजूने झिजले. नवे घातले, तेही झिजले. मग त्याने जाणत्या माणसाला कागद दाखवला. कोपऱ्यात ‘आर’ लिहिलेले होते! पुढचा सांगाडा वाकून दुरुस्त झालेला होता. कागद खरे बोलत होता, पण तो वाचलाच नव्हता.

गाडी विकून दुसरी घ्यावी, तर तीही सोय नव्हती. देशात परकी चलनाची टंचाई होती. म्हणून सरकारने मार्च २०२० मध्ये मोटारींची आयात थांबवली होती. खाजगी मोटारींना ती २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा खुली झाली. मधल्या काळात जुन्या गाड्यांचे भाव चढले. सुटे भाग महाग झाले. आपल्याकडच्या वॅगन आरचे भाग लावावेत, तर नाव एक असले तरी यंत्र वेगळे. आपल्याकडच्या गाडीचे इंजिन मोठे असते. तेव्हा आहे तीच गाडी सांभाळणे भाग होते. पोट तिच्यावरच होते ना!

मग तो शिकला. गाडीचे पुस्तक जपानी भाषेत होते. ते त्याने मुलीच्या मदतीने थोडे थोडे लावून घेतले. दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा असतो. तिथे २४० लिहिलेले. पंपावरचा काटा मात्र पौंडाचा. जपानी २४० म्हणजे सुमारे ३५ पौंड, हे त्याने दारावरच लिहून ठेवले. हवा तो सकाळी, टायर थंड असताना पाहतो. गाडी सपाट जागी उभी करून ऑईल पाहायची सळई तपासतो. ऑईल पुस्तकात सांगितलेलेच घालतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधी उघडत नाही. उकळते पाणी अंगावर उडते. समोर लाल दिवा लागला की सुरक्षित जागी गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो. पिवळा लागला की लवकरच मिस्त्रीला दाखवतो.

आणि त्याची वही! तारीख, किती किलोमीटर झाले, काय काम केले, किती पैसे गेले, सारे आपल्या सिंहली लिपीत लिहिलेले. आम्हाला त्यातले अक्षर कळले नाही, पण माणूस कळला. तो म्हणाला, “गुरुजी, ही वही आधी केली असती तर टायरचे दोन जोड वाचले असते.”

बंधूंनो, आपल्याकडे मोटार नसेल. पण पाण्याचा पंप असेल, ट्रॅक्टर असेल, मुलाची फटफटी असेल. जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याचे तोंड पाहू नका, कागद पाहा. समजला नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, पण पैसे मोजण्याआधी. आता तुम्हाला अक्षर आले आहे. एक वही आजच घाला.

ध्यानात ठेवा
१. आधी कागद, मग पैसे.
२. सुटे भाग व मिस्त्री जवळ मिळतो का, हे आधी विचारावे.
३. केलेल्या कामाची व खर्चाची नोंद ठेवावी.

प्रश्न
१. जपानातली ही गाडी उंच का केली?
२. ड्रायव्हरचे टायर का झिजले?
३. तुमच्या घरच्या एका यंत्राची नोंद चार ओळींत लिहा.