ओकखालच्या जमिनीविषयी

चि. मधुरास,


घराचे फोटो पाहिले. मागचे ओक पाहून तू हिरमुसलीस, “इथे लॉनसुद्धा धरत नाही” म्हणालीस. अगं, तिथे ऊन नाही हे जूनपुरतं खरं. एप्रिलमध्ये ओकवर पान नसतं आणि ऊन थेट जमिनीवर उतरतं. इकडच्या रानातली कितीतरी फुलं तेवढ्या काही आठवड्यांत उगवतात, फुलतात, आणि वर सावली दाटली की पुन्हा जमिनीत जातात. तुझ्याकडे तीच लाव.

आधी एक कर. पाला पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवू नकोस, तो तिथेच कुजू दे. या फुलांना दुसरं खत लागत नाही. सगळी जमीन खणूही नकोस, ओकची बारीक मुळं अगदी वरच्या मातीत असतात. दोन मुळांमध्ये माती मऊ लागेल तिथे खुरप्याने जागा कर, बस.

सुरुवात ब्लडरूटने कर. बोटाएवढा गड्डा आडवा ठेवायचा, वर इंचभर माती. तुटला तर तांबडानारिंगी चीक येतो, तो कातडीला लागू देऊ नकोस. वसंताच्या तोंडावर एकेक कळी आपल्या एकुलत्या पानात गुंडाळलेली वर येते. ऊन आलं की पांढरं फूल उघडतं, संध्याकाळी मिटतं आणि दोन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारशील. एकदा ते पान उलगडताना बघ, मग बोलू.

व्हर्जिनिया ब्लूबेल्सच्या कळ्या गुलाबी, फुलं निळी. उन्हाळा लागला की पानं पिवळी पडून सगळं नाहीसं होतं. झाड मेलं असं समजून तिथे दुसरं काही लावू नकोस. आपल्या सह्याद्रीतली रानहळद आठव: पावसात फुलते, दिवाळीनंतर वर काही दिसत नाही, गड्डा मात्र खाली जिवंत असतो. जागेवर खूण ठेव आणि आजूबाजूला ख्रिसमस फर्न लाव, म्हणजे ओकंबोकं दिसणार नाही.

आता ट्रिलियम. मोठं पांढरं ट्रिलियम हे तुझ्या ओहायोचं राज्य-रानफूल, तिथल्या ८८ही काउंटींत सापडणारं. बियांपासून फूल यायला ७ ते १० वर्षं लागतात. म्हणून कुणी स्वस्तात विकत असेल तर बहुधा रानातून उपटलेलं असतं, ते घेऊ नकोस. “नर्सरीत वाढवलेलं” एवढ्यावर समाधान मानू नकोस, रोप नर्सरीतच तयार केलंय का हे स्पष्ट विचार. रान ओरबाडून बाग सजवणं मला मुळीच पटत नाही. फूलही तोडू नकोस. त्याबरोबर खालची तीन पानं गेली तर वर्षभराची पोटापाण्याची सोयच जाते. आणि मुंग्यांवर औषध मारू नकोस. या बियांना तेलकट गर असतो, त्यासाठी मुंग्या बी वारुळात नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. तुझ्या बागेत रोपं पसरवणार त्या मुंग्याच.

एप्रिलमध्ये इकडे पेनसिल्व्हेनियात ये. न्यू होपजवळ बोमन्स हिलला १९३४ पासून रानफुलं जपली आहेत, आपण दोघी जाऊ. गड्डे मात्र जमीन गोठायच्या आत लाव, आणि हरणं येत असतील तर आधी जाळी आण. ट्रिलियम त्यांना फार आवडतं.

तुझी,
सुमनमावशी