दुपारी पानं मिटतात तेव्हा

मंगळवेढ्याकडची आमची जमीन काळी, खोल, पूर्ण कोरडवाहू. मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढायची. सत्तावीस वर्षं हे पीक जवळून बघतेय.

1. दुपारचं पान बघून पिकाचा निकाल लावू नये.
लग्नानंतरच्या पहिल्याच रब्बीत पानांच्या सुरळ्या झालेल्या बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मामंजी म्हणाले, "उद्या तांबडं फुटायला ये, मग सांग." गेले, तर पानं उलगडून पसरलेली. ज्वारीच्या पानात वरच्या अंगाला मोठ्या, पाण्याने फुगलेल्या पेशींच्या ओळी असतात. पाणी घटलं की त्या आक्रसतात आणि पान वळतं, म्हणजे त्याला ऊन-वारा कमी लागतो. रात्री मुळं तूट भरून काढतात. पहाटेही पान मिटलेलं दिसलं, तर मात्र ओल संपत आली समजावं.

2. ताटाला अंगठा घासून बघा.
पांढरी भुकटी बोटाला लागते. ते झाडाचं मेण. त्याने ऊन परततं आणि अंगातलं पाणी कमी उडतं.

3. तगलेलं पीक जनावराला चालेलच असं नाही.
हे मी फार महागात शिकले. 2018 च्या दुष्काळात गुडघ्याएवढीच वाढून थांबलेली ज्वारी वाया कशाला घालवायची, म्हणून गाय त्यात सोडली. अर्ध्या तासात ती धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, पाय थरथरले. डॉक्टर पोचेपर्यंत गेली. किराळ, म्हणजे ज्वारीची विषबाधा, लागली होती. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. झाड किडी-जनावरांपासून स्वतःला असं राखतं आणि पाण्याचा ताण बसला की हे विष वाढतं. फुलोऱ्यानंतर ते उतरतं, नीट वाळलेल्या कडब्यात फारसं राहत नाही. खुंटलेल्या हिरव्या ज्वारीत जनावर सोडू नका. ती गाय मी वासरापासून वाढवली होती.

4. भेगा बुजवणं आपल्या हातात आहे.
मूळ चार-पाच फूट खोल जाऊन ओल शोधतं, पण काळी जमीन फाटली की त्याच फटींतून ओल उडते आणि मुळंही तुटतात. पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा मातीने भरायच्या. मजुरी वाचवायला ही पाळी टाळणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. जी ओल आभाळातून पुन्हा यायची नाही, ती ते उडू देतात.

5. कणीस भरतंय म्हणून निर्धास्त राहू नये.
दाणा भरताना ओल कमी पडली की झाड ताटात साठवलेलं अन्न काढून कणसाला देतं. ताट रिकामं झालं की जमिनीतली बुरशी आत शिरते. हाच खडखड्या रोग. ताट बुडाशी मोडतं. फोडून बघितलं तर आत गर नाही, नुसते काळे पडलेले धागे. पण त्याच रानात काही ताटं कणीस पिकलं तरी हिरवी राहतात. काढणीच्या आधी मी ती हुडकते, दाबून बघते आणि लाल सुतळी बांधते. पुढच्या पेरणीचं बियाणं तेवढ्याच कणसांचं. यंदा अडतीस बांधलीत.