घाटावर वारा आणि पाणी चढवू नको

चि. बाबू यास,


मालवण पट्ट्यातल्या गावांचा कचरा एकत्र करायचं केंद्र तुझ्याकडे आल्याचं कळलं. यंत्रांची कोटेशनं मागवायची घाई करू नको. आधी वेंगुर्ल्याला जाऊन ये. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या डम्पिंग ग्राउंडचं असं रूप पालटलं की लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. पाहुणे तिथल्या बायोगॅस प्रकल्पाचे फोटो काढतात. तू सकाळी घंटागाडीमागून फिर. घरातच वेगळा केलेला कचरा आला, म्हणून तिथे वीसहून अधिक प्रकारांत निवडता आला. 2016 पासून नियमही तेच सांगतो. मिसळलेली गाडी फाटकातूनच परत पाठव. सरपंचांचे फोन येतील. येऊ देत.

आपला सुका माल बहुतेक घाटापलीकडे जाणार, करूळ नाहीतर आंबोली चढून. भाडं खेपेचं द्यावं लागतं. न दाबलेल्या बाटल्या भरल्यास तर कोल्हापूरला ट्रकभर वारा धाडशील. भिजका पुठ्ठा भरलास तर पाणी, वर खरेदीदार ओलाव्याची घट कापणार. म्हणून पैसे आले की आधी छप्पर, मग गठ्ठे बांधायचा प्रेस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही तिरपा. जोतं उंच घे, वळचण चांगली पुढे काढ. ताडपत्रीवर भागवणाऱ्यांच्या पुठ्ठ्याचा श्रावणात लगदा झालेला मी पाहिलाय.

ओला कचरा तर गावाबाहेर काढूच नको. मासळीची डोकी, कोलंबीची सालं खड्ड्यात पडली की वर पातेऱ्याचा जाड थर हवा, नाहीतर कुत्रे आधी येतील आणि शेजारी मागून. तारकर्लीची शहाळी खतात लवकर कुजत नाहीत. ती वेगळी काढून तुकडे करून घे.

फाटकी जाळी आपल्याकडे भरपूर. रापणकरांकडून घे, पण बोये, शिसं, दोर काढल्याशिवाय विकू नको. ओळखायला बादलीभर पाणी पुरे: नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. दोन्ही एकत्र गेले तर भाव हलक्या मालाचाच मिळेल. मोबाइलच्या बॅटऱ्या मात्र प्रेसपर्यंत पोचता कामा नयेत. दाबल्या की पेट घेतात.

निवडणाऱ्या बायकांना रोजावर ठेव. किलोवर मजुरी दिलीस तर जड तेवढंच उचललं जाईल आणि दुधाच्या पिशव्या तशाच पडून राहतील. हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन यांत काटकसर नको. कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात, हे त्या नुसत्या चुरगळून सांगतात; तुझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ते नसेल.

चतुर्थीला चाकरमानी उतरायच्या आत शेड रिकामी कर. मखरांचं थर्माकोल वजनाला काही नाही, पण जागा सगळी खातं.

पहिल्या महिन्याची वजनकाट्याची वही मला दाखव. तुझी मामी विचारते, चतुर्थीला जेवायला येशील ना? मी सांगून टाकलंय की यंदा नाही.

तुझा,
मामा