दस्तांची सूची आणि संगणकाचा शोध

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत सदनिका विकत घेणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी एकाच व्यवहारात गुंतते. म्हणूनच खरेदीपूर्वी त्या मिळकतीचे मागील ३० वर्षांचे दस्त तपासून घेण्याची रीत पडली आहे. मिळकत यापूर्वी दुसऱ्या कोणास विकली गेली आहे काय, तिच्यावर नोंदणीकृत गहाण आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. हा शोध आता संकेतस्थळावरूनही घेता येतो. मात्र पडद्यावर उत्तर येण्यास फार विलंब लागला, तर शोध अर्धवट सोडण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत खरेदीदारास मोजावी लागते.

सूचीची जुनी परंपरा

विलंबाचे मर्म समजण्यास दुय्यम निबंधकांचे दप्तर उपयोगी पडते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५५ अन्वये स्थावर मिळकतीच्या दस्तांसाठी दोन सूची ठेवल्या जातात. पहिलीत पक्षकारांची नावे, तर दुसरीत मिळकतीचा तपशील असतो. घरोघरी जपून ठेवलेली ‘इंडेक्स टू’ची प्रत ही या दुसऱ्या सूचीतीलच. सूची नसती, तर एका दस्तासाठी दप्तरातील प्रत्येक बासन सोडावे लागले असते.

संगणकाचेही तसेच आहे. समजा, एका कोष्टकात १० लाख दस्तांच्या नोंदी आहेत. सूची नसल्यास डेटाबेस प्रत्येक नोंद वाचून पाहतो. नोंदी क्रमवार असल्या, तर दर खेपेस निम्मा भाग वगळत सुमारे २० पायऱ्यांत हवी ती नोंद सापडते. प्रत्यक्षात डेटाबेसची सूची वृक्षाप्रमाणे शाखांची असते. तिच्या एकेका पानावर शेकडो नोंदी मावत असल्याने तीन-चार पाने उलटताच काम होते.

सूची असूनही विलंब का?

सूची असणे पुरेसे नाही. संकेतस्थळामागील आज्ञावलीने प्रश्नही योग्य रीतीने विचारला पाहिजे. गाव, सर्व्हे नंबर व दिनांक या क्रमाने सूची केलेली असेल, तर मौजे चिकणघर येथील एखादा सर्व्हे नंबर चटकन मिळतो. गाव न सांगता केवळ सर्व्हे नंबर दिल्यास तीच सूची फारशी कामी येत नाही.

दिनांकाच्या बाबतीतही हीच चूक होते. प्रत्येक दिनांकातून वर्ष काढून ते २०१५ आहे काय असे विचारले, तर दिनांकाची सूची बाजूला राहते. १ जानेवारी २०१५ पासून १ जानेवारी २०१६ च्या आधीपर्यंतचे दस्त मागितले, की ती उपयोगात येते. सर्व्हे नंबरात ‘४५/१अ’ अशी अक्षरे येत असल्याने तो मजकूर म्हणून साठवला जातो. त्याची तुलना संख्येशी केल्यास मायएसक्यूएलमध्ये सूची निरुपयोगी ठरते, शिवाय भलतेच दस्तही उत्तरात येऊ शकतात. नावाच्या कोणत्याही भागात ‘पाटील’ शोधा, असे सांगितल्यास साधी सूची चालत नाही. त्याकरिता शब्दवार सूची वेगळी करावी लागते.

आणखी एक दोष वरवर दिसत नाही. १०० दस्तांची यादी मिळाल्यावर आज्ञावली प्रत्येक दस्ताच्या पक्षकारांसाठी डेटाबेसकडे पुन्हा जाते. एकेका कागदासाठी शिपायास शंभरदा अभिलेख कक्षात धाडण्यासारखेच हे होय. दोन्ही कोष्टके जोडून सर्व माहिती एकाच खेपेत आणावी आणि आवश्यक तेवढेच रकाने मागवावेत.

निदान आधी, उपाय नंतर

डेटाबेस शोध कोणत्या मार्गाने घेतो, हे ‘एक्सप्लेन’ या आज्ञेने कळते. मंद प्रश्नांची नोंदवही चालू ठेवल्यास दोष नेमका कोठे आहे, हे दिसून येते. हे न पाहता प्रत्येक रकान्याची सूची करणे हितावह नाही. नवा दस्त नोंदताना जशी दप्तरातील प्रत्येक सूचीत नोंद घ्यावी लागते, तशीच संगणकालाही ती घ्यावी लागते. सूची वाढल्या, की नोंदणीचे काम मंदावते.

सुधारणेनंतर जुन्या व नव्या पद्धतीने तोच शोध घेऊन दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. पडद्यावर प्रथम ५० दस्त दाखविले असतील, तर पुढे आणखी दस्त आहेत हे नागरिकास स्पष्ट सांगितले पाहिजे. उशिरा मिळालेल्या उत्तराने नागरिकाचा वेळ जातो; पण त्वरित मिळालेल्या उत्तरातून गहाणाचा एक दस्त निसटला, तर त्याचे घरच धोक्यात येते. म्हणून शोधाची गती वाढवताना त्याच्या पूर्णतेस बाध येऊ देता कामा नये.